निवेदनापासून धोरणापर्यंत : युवकांच्या जनवकिलीचे संयोजन

आपल्या तरुणांना निवेदन देता येते. जिल्हाधिकारी कचेरीसमोर घोषणा द्यायच्या, पाच जणांच्या शिष्टमंडळाने आत जायचे, कागद हाती द्यायचा, आवक शाखेचा शिक्का मारून घ्यायचा आणि बाहेर येऊन छायाचित्र काढायचे. दुसऱ्या दिवशी स्थानिक पत्रात चार ओळी येतात. पण तिसऱ्या दिवसापासून त्या कागदाचे काय होते, तो कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो आणि कुठे कायमचा झोपतो, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? मोर्चाचे मोल मी कमी लेखत नाही. मोर्चा नसता तर आवक शाखेने शिक्काही मारला नसता. परंतु शिक्क्यानंतरचे काम हे स्वतंत्र काम आहे, त्याला स्वतंत्र शिस्त लागते, आणि या कामाबद्दल आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे.

मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्ती आणि वसतिगृहांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका लहान संस्थेत मी काही वर्षे समन्वयक होतो. देणगीदारांच्या कागदावर त्या पदाला 'युवक जनवकिली व धोरण समन्वयक' असे भारदस्त नाव होते. मुले 'दादा' म्हणत. कचेरीतले कारकून 'ते शिष्यवृत्तीवाले' म्हणत. तिन्हींतले शेवटचे नाव मला सर्वांत खरे वाटत आले आहे.

'ॲडव्होकसी' या शब्दाला स्वयंसेवी संस्थांनी मराठीत 'जनवकिली' हा शब्द रूढ केला. शब्द वाईट नाही, पण त्यात एक मेख आहे. वकील म्हटला की अशील आला. वकील बोलतो, अशील बाकावर बसून राहतो. आपल्या मुलांच्या वतीने दुसऱ्या कुणी बोलावे आणि मुलांनी बाकावर बसावे, ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. शतकानुशतके आपल्या वतीने इतरच बोलत आले. तेव्हा युवकांच्या जनवकिलीत अशील आणि वकील एकच असले पाहिजेत. हे म्हणायला सोपे आहे. ते घडवून आणणे, याचेच नाव संयोजन.

या कामाचा आरंभ कुठे मानावा? मी तो धारवाडला मानतो. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने त्याला प्रवेश मिळवून दिला नाही. दिलेले कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. आजवर पुढे आलेला हा एकटाच मुलगा आहे. या एकट्यासाठी बाकीच्यांना त्याच्याबरोबर बसायला भाग पाडले तर शाळाच निरुपयोगी होईल, असा त्या उत्तराचा मथितार्थ होता. पुढे हिंदुस्थान सरकारने या निर्णयाबद्दल नापसंती दाखविली आणि विलायतेतील संचालक मंडळानेही १८५८ साली सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व मान्य केले. तत्त्व मान्य झाले. मुले बाहेरच राहिली.

त्या मुलाचे पुढे काय झाले असेल, हा विचार मला पुष्कळदा छळतो. मात्र त्याच्या अर्जाचे काय झाले ते ठाऊक आहे. बहात्तर वर्षांनी, २९ मे १९२८ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी एक निवेदन सादर केले. त्यात हा अर्ज पुराव्यादाखल उभा आहे. त्याच्या मागेपुढे सरकारचेच खलिते, सरकारच्याच शिक्षण खात्याचे अहवाल, १८८२ च्या हंटर कमिशनचे कागद आणि जातवार विद्यार्थ्यांचे आकडे आहेत. सरकारला सरकारच्याच अक्षरात उत्तर दिले आहे. युवक कार्यकर्त्यांना मी प्रथम हे निवेदन वाचायला देत असे. भाषणे नंतर.

आणि ही सभा होती तरी काय? २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेली, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली, परळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी असलेली एक संस्था. आज ज्या कायद्याखाली आपल्या संस्था नोंदल्या जातात, तोच कायदा. बाबासाहेब तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह काढले, मुंबईत वाचनालय चालविले, तरुण मुले वाईट नादाला लागू नयेत म्हणून हॉकीचा क्लबही काढला. एका हाताने वसतिगृह आणि दुसऱ्या हाताने कमिशनपुढची साक्ष. आज संस्था सेवा तरी देतात किंवा धोरणाचे काम तरी करतात. दोन्ही करणाऱ्या थोड्या. वसतिगृहात रोज ताटावर बसणारी मुले ज्याला ठाऊक आहेत, त्यानेच मंत्रालयात भोजनखर्चाच्या दरावर बोलावे, हे शहाणपण त्या सभेजवळ होते. १९२८ साली सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद म्हणून गेले. १९३० साली तिचा अहवाल आला. म्हणजे समितीबाहेरून निवेदन आणि समितीच्या आत बसून अहवाल, दोन्ही वाटा त्यांनी चोखाळल्या.

धारवाडच्या उत्तरातला 'एकटाच' हा शब्द आजही कचेऱ्यांच्या तोंडात आहे. एखादी मुलगी शिष्यवृत्ती आली नाही म्हणून समाजकल्याणच्या कचेरीत जाते. उत्तर मिळते, 'तुमच्या एकटीचंच असं झालंय, बँकेत चौकशी करा.' ती बँकेत जाते. बँक म्हणते कॉलेजात जा. कॉलेज म्हणते, फी भरल्याशिवाय दाखला मिळणार नाही. या फेऱ्यात वर्ष जाते, आणि मुलगी घरी बसते किंवा तिचे लग्न होते. तिच्यासारख्या आणखी चाळीस जणी त्याच तालुक्यात त्याच फेऱ्या मारत असतात, पण एकीला दुसरीची वार्ता नसते. त्या चाळीस जणींना एका टेबलाभोवती बसविणे हे समन्वयकाचे पहिले काम.

आम्ही त्यासाठी एक वही ठेवली होती. साधी, दोनशे पानी. तारीख, गाव, अभ्यासक्रम, अर्ज कधी भरला, कुठे अडला, कोणत्या कचेरीत काय उत्तर मिळाले, पुढची तारीख. नाव वेगळ्या वहीत. कारण तक्रार करणाऱ्या मुलाचे नाव कॉलेजच्या कानी गेले तर अंतर्गत गुण कुणाच्या हातात असतात हे प्रत्येकाला माहीत आहे. मुलेच मुलांना विचारत आणि लिहीत. पहिल्या महिन्यात वहीत संताप भरला होता. तिसऱ्या महिन्यात तारखा भरू लागल्या. संताप आणि तारीख या दोहोंत कचेरी भिते ती तारखेला, हे मुलांना कुणी शिकवावे लागले नाही.

मग येते दार ओळखण्याचे काम. आपली बरीच निवेदने चुकीच्या दाराशी पडतात म्हणून वाया जातात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचेच पाहा. अर्ज महाडीबीटी या संगणकीय व्यवस्थेवर भरायचा. कॉलेजने तो तपासून पुढे पाठवायचा. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांनी मंजूर करायचा. २०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चाळीस टक्के वाटा राज्याचा आणि साठ टक्के केंद्राचा. राज्याने आपला वाटा दिल्यावर केंद्राचा वाटा परस्पर विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात यायचा. म्हणजे पैसा दोन वाटांनी, दोन वेळी येणार. अर्धा आला आणि अर्धा आला नाही, तर दोष कॉलेजचा, जिल्ह्याचा, मुंबईचा, दिल्लीचा की बँकेचा? पाचांचीही दारे वेगळी. कॉलेजात अडलेल्या अर्जासाठी मंत्र्याच्या नावे घोषणा देऊन उपयोग नाही, आणि दिल्लीत अडलेल्या पैशासाठी प्राचार्यांना घेराव घालून नाही. आमच्या मुलांनी एकदा हीच चूक केली होती. प्राचार्य दोन तास कोंडले गेले, मुलांवर गुन्हे दाखल झाले, आणि पैसा मुळात राज्याच्याच वाट्याचा अडलेला होता. ती चूक माझीही होती. वहीतल्या नोंदी मी आधी नीट वाचल्या असत्या तर मुलांची दोन वर्षे न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेली नसती.

दार ओळखायला माहितीचा अधिकार उपयोगी पडतो. २००५ चा हा कायदा. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. उत्तराला तीस दिवस, न मिळाल्यास पहिले अपील. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाने अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा लागतो. या अटीवर टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण मुलांना नेमके लिहायला शिकवण्यासाठी मी या अटीचा फायदाच करून घेतला. आमची मुले आधी विचारीत, 'आमची शिष्यवृत्ती का अडवली?' 'का' ही कायद्याने माहिती ठरत नाही. कागदावर जे आहे तेच मागता येते. अमुक वर्षी अमुक तालुक्यातून किती अर्ज आले, किती प्रलंबित आहेत, कोणत्या तारखेपासून, त्यावर शेवटचा शेरा कोणाचा : असे विचारले की 'का' आपोआप उघडा पडतो.

यापुढचा टप्पा हिशेबाचा. एका शनिवारी मुलांना मी दोन कागद दिले : २०१० पासून लागू झालेले निर्वाह भत्त्याचे दर आणि २०२१ चे दर. अकरावी-बारावीच्या, वसतिगृहात न राहणाऱ्या विद्यार्थ्याला २०१० च्या दराने महिना २३० रुपये मिळत. दहा महिन्यांचा हिशेब धरला तर २,३००. २०२१ च्या दराने त्याला वर्षाला २,५०० रुपये. वसतिगृहात राहणाऱ्याला महिना ३८०, म्हणजे ३,८००; नवा दर ४,०००. अकरा वर्षांत वाढ दोनशे रुपये. मुले गप्प झाली. मग एक जण म्हणाला, 'दादा, आमच्या गावाहून एसटीचा पास किती झाला ते लिहू का शेजारी?' त्या प्रश्नातून आमचे पहिले खरे धोरणविषयक टिपण निघाले. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा २०१३ साली ठरली आणि २०२१ च्या सूचनांतही तीच राहिली, हे दुसरे कलम त्यात आले. शेतमजुरी करणाऱ्या आईबापांची मजुरी कागदोपत्री वाढत जाते, मर्यादा जागची हलत नाही, आणि मूल एका वर्षी 'श्रीमंत' ठरून यादीबाहेर जाते.

या शिष्यवृत्तीचा इतिहासही मुलांना ठाऊक हवा. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. उच्च शिक्षणासाठी पैसा ही त्यातली एक मागणी होती, आणि १९४४ पासून ही शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे ही योजना कुणाच्या दयेतून आलेली नाही, एका निवेदनातून आलेली आहे. पण मिळालेली गोष्ट टिकतेच असे नाही. जुन्या पद्धतीत पंचवार्षिक योजना संपली की तोवरच्या खर्चाचा बोजा राज्याने उचलायचा आणि केंद्राने त्यावरची वाढ तेवढी द्यायची. २०१७ नंतर या हिशेबाने केंद्राचा हात आखडला. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राचे साहाय्य वर्षाला सुमारे १,१०० कोटी होते, हे केंद्र सरकारनेच नंतर नमूद केले. देशभर विद्यार्थी आणि संघटना ओरडत राहिल्या. २३ डिसेंबर २०२० रोजी मंत्रिमंडळाने साठ-चाळीसचे प्रमाण मान्य केले आणि पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटींची तरतूद जाहीर केली, त्यांत केंद्राचा वाटा ३५,५३४ कोटी. योजनेचे नाव तेच, मुले तीच. मधल्या एका तांत्रिक शब्दाने, 'बांधील दायित्व' या शब्दाने, किती जणांचे शिक्षण तोडले असेल? म्हणून मी म्हणतो, रुक्ष कागद वाचणे हेही चळवळीचेच काम आहे.

राज्याच्या योजनांतही बारीक अक्षरांतच सारे असते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, त्याखालच्या शहरांत ५१,०००, इतर ठिकाणी ४३,००० असे आरंभीचे दर. योजना चांगली आहे, हे आधी म्हटले पाहिजे. पण कॉलेज महापालिकेच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आत असावे, ही आरंभीची अट पाहा. कॉलेज सहाव्या किलोमीटरवर निघाले की मुलगा बाद होई. पोटाची भूक हद्दीवर थांबते काय? एका शासन निर्णयातले एक वाक्य बदलण्यासाठी टिपण, नकाशा, बाद झालेल्यांची यादी आणि दोन आमदार लागतात. मोर्चा लागला तर तो शेवटी.

आमदारांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमदार आपल्या विचाराचा आहे की नाही हे पाहत बसलो तर विधिमंडळात आपला प्रश्न कधीच जाणार नाही. त्याला एक पान द्यावे, जास्त नको. त्यावर आकडा, शासन निर्णयाची तारीख आणि नेमकी मागणी. तारांकित प्रश्न असो वा लक्षवेधी, ती त्याच्या नावावर जाईल, श्रेय तो घेईल. घेऊ द्यावे. पण वेळ पाळावी लागते. अर्थसंकल्प मार्चमध्ये मुंबईला, पावसाळी अधिवेशन, मग डिसेंबरात नागपूर. पुरवणी मागण्या या मधल्या काळात येतात. आपली मुले मात्र मार्चमध्ये परीक्षेला बसलेली असतात आणि मे महिन्यात जागी होतात, तोवर ३१ मार्च उलटून गेलेला असतो आणि न खर्चलेला पैसा परत गेलेला असतो. आम्ही म्हणून मार्चचे काम पदवी संपलेल्या मुलांकडे सोपवीत असू, आणि परीक्षार्थींना वही शिवायची बंदी होती. धोरणापायी मुलगा नापास झाला तर त्या घरात पुन्हा कुणी चळवळीचे नाव घेणार नाही.

अर्थसंकल्पाचे वाचन आंध्रातल्या दलित संघटनांकडून शिकावे. अनुसूचित जाती उपयोजना १९७९ पासूनची; लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा वेगळा काढायचा हे तिचे सूत्र. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे हे प्रमाण ११.८ टक्के. पैसा कागदावर निघतो आणि दुसरीकडे वळतो, हे आंध्रात कार्यकर्त्यांनी लेखाशीर्ष वाचून दाखविले आणि २०१३ साली तिथे कायदा झाला. कर्नाटकातही त्याच वर्षी झाला, पण त्यात एक कलम असे ठेवले होते की सर्वांसाठीच्या रस्त्यांसारख्या कामांचा काही खर्च दलितांवरचा खर्च मानता येई. २०२३ साली ते काढून टाकावे लागले. कायदा झाल्यावरही कलमे वाचत राहावे लागते ते असे.

आता एक कडू गोष्ट. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेच्या परिषदेला आम्ही आमची एक मुलगी पाठविली होती. तिने भत्त्याच्या दरांचे टिपण स्वतः तयार केले होते, आकडे तोंडपाठ होते. व्यासपीठावर तिला सांगण्यात आले, 'तू तुझी कहाणी सांग, दरांचं आमचे तज्ज्ञ बोलतील.' तिने कहाणी सांगितली. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजविल्या. परतीच्या गाडीत ती म्हणाली, 'दादा, मी काय तिथे रडायला गेले होते का?' माझ्याजवळ उत्तर नव्हते. बोलावणे आल्यावर मीच विचारायला हवे होते, की हिला कोणत्या विषयावर आणि किती वेळ बोलायचे आहे. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला : टिपण ज्याने केले तोच ते मांडील, दुःख सांगायचे की नाही ते त्याचे तो ठरवील. प्रवासखर्च आधी हातात, मागाहून पावत्यांवर नाही. कारण उसने काढून मुंबईला जाणे सर्वांना परवडत नाही, आणि ज्यांना परवडते तेच मग प्रत्येक वेळी जातात. मुलींच्या बाबतीत सोबत कोण, मुक्काम कुठे, हे आईला आधी सांगावे लागते. हे तपशील क्षुल्लक वाटतील. मुले टिकतात की गळतात ते यांवरच ठरते.

पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीला वह्या-दप्तरे वाटणे आवडते; शासनाला प्रश्न विचारणे त्यांच्या अहवालात बसत नाही. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे येणारी धार त्यामुळे आटली. आमच्यासारख्यांना उरले वर्गणी आणि नोकरीत लागलेले जुने विद्यार्थी. एका अर्थी हे बरे झाले असे काही कार्यकर्ते म्हणतात. मला तसे वाटत नाही. वर्गणीवर वही चालते. पूर्ण वेळ काम करणाऱ्याचे घर चालत नाही, आणि मग चांगला समन्वयक तिसऱ्या वर्षी कुठेतरी कंत्राटी मास्तर होतो. माझेही तेच झाले.

मागणी मंजूर झाली की आपल्याकडे हार-तुरे होतात आणि वही मिटते. बोले ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळे खुले केल्याचा ठरावही केला. तळ्याचे पाणी मात्र २० मार्च १९२७ ला, माणसे चालत गेली तेव्हा हाती आले, आणि त्यावरचा दावा उच्च न्यायालयात १९३७ च्या मार्चपर्यंत चालला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. अंमल १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत किती घरे जळाली ते या भागातल्या वाचकांना सांगायला नको. आम्ही म्हणून वहीत शेवटचा रकाना ठेवला होता : 'मंजुरीनंतर सहा महिन्यांनी काय'. पुष्कळ ओळींपुढे तो रिकामा आहे, हेही कबूल करतो.

ती वही आता परिषदेत कहाणी सांगून परत आलेल्या त्या मुलीकडे आहे. ती तालुक्याच्या शाळेत शिकविते आणि रविवारी मुलांना घेऊन बसते. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तिसरी वही सुरू झाली होती. तिने एक रकाना वाढविला आहे : 'उत्तर आले ते अर्जदाराला कळविले का'. माझ्या वह्यांत हा रकाना नव्हता.